कुडपणच्या आवडीची अंबाडी

मंगळवार, ४ ऑक्टोबर १९७७. पोलादपूर.
सकाळी धुकं, दुपारी पाच मिनिटं सर. हे नाते गावाला गेले, बरोबर सोनबा शिपाई. परसातल्या अंबाडीला पहिलं फूल आलं. फिकट पिवळं, पोटात गडद लाल. दुपारी मिटलं. झाडं एकतीस. सात झाडांच्या शेंड्यांवर मावा. आवडीमावशी अकराला आली, तीनला गेली. तिला मावा दाखवला. काही बोलली नाही. रात्री मुगाची आमटी.

त्या वर्षीची डायरी हिरव्या पुठ्ठ्याची आहे आणि तिचं हे पान मी अलीकडे पुन्हा वाचलं. ‘काही बोलली नाही’ असं मी लिहून टाकलं खरं, पण आवडीमावशी बोलली नाही म्हणजे केवढी गोष्ट झाली हे तिला ओळखणाऱ्यालाच कळेल. ती वाटेतल्या दगडालाही ‘सरक रे बाबा’ म्हणून पुढे जायची.

लिहायची सवय मला पाचगणीच्या शाळेत लागली. तिथल्या सिस्टर आम्हा मुलींकडून रोज झोपण्यापूर्वी दहा ओळी लिहून घ्यायच्या. हवा कशी होती, काय काम केलं, कोण आलं. मनातलं लिहायचं नाही, ते देवाला सांगायचं, असा दंडक होता. म्हणून माझ्या डायऱ्यांत माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा आहेत, पण माणसं फार थोडी आहेत. आवडीमावशीचं नाव एकूण त्रेसष्ट वेळा आलं आहे. ती कशी होती ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून आता लिहिते.

आमचे हे शेती खात्यात सुपरवायझर होते. पोलादपूरला आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो. पुढे ओटी, मागे ऐसपैस परसू. ओटीच्या एका कोपऱ्यात भातावर मारायच्या पावडरीच्या गोण्या रचलेल्या असत. त्या वासाची मला इतकी सवय झाली होती की माहेरी गेले की चार दिवस काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं.

आवडीमावशी कुडपणची. डोंगरमाथ्यावरचं ते गाव तेव्हा रस्त्यावाचून होतं. पहाटे निघून, पायवाटेनं उतरून, पुढे मिळाला तर ट्रक आणि नाहीतर चालत, अशी ती दर मंगळवारी पोलादपूरला यायची. अंगानं काटकुळी, पन्नाशी उलटलेली, डाव्या हाताची दोन बोटं सुंभ वळून वळून कायमची वाकलेली. डोक्यावरच्या पाटीत अंबाडीच्या वाखाची दावी आणि वाळवलेली तांबडी बोंडं. पहिल्यांदा दारात आली तेव्हा ती बोंडं बघून मी एकदम म्हणाले, “अगो, याची जेली होते!” शाळेत सिस्टर हीच बोंडं उकळून लालभडक जेली करायच्या आणि रविवारी पावावर लावून द्यायच्या. मावशीनं माझ्याकडे नीट बघितलं.

“ते काय असतं?”

“साखर घालून आटवतात. पावाबरोबर खातात.”

“आमी आमटीत टाकतो,” ती म्हणाली. “साखर मिळती तर चहात नसती टाकली?”

तेव्हापासून मंगळवारचं तिचं जेवण आमच्याकडे. नवऱ्याबद्दल ती फार बोलायची. त्याचं नाव काशीराम, दिवसभर अंगणात बसून दोरी वळायचा. “दोरीला पीळ कमी, बोलण्यात जास्त,” असं तिचं त्याच्याबद्दल मत. मूलबाळ नव्हतं. धाकट्या दिराची मुलगी येसू तिनं वाढवली होती.

तिच्या वाडीत एक रीत होती. लेक सासरी निघाली की तिच्या ओटीत नारळ-तांदळाबरोबर मूठभर तांबड्या अंबाडीचं बी घालायचं. सासरी गेल्यावर आंबटासाठी आणि गुराच्या दाव्यासाठी पोरीला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागू नये, म्हणून. आणि हे बी आवडीच्याच घरून जायचं. तिच्या सासूनं राखलं, सासूच्या सासूनं राखलं, आता ती राखत होती. विकायचं नाही, उसनंही द्यायचं नाही. फक्त ओटीत.

१९७६ च्या थंडीत कुडपणला तांबडे ढेकणे आले. अंगानं लाल, पाठीवर काळं, हे किडे बोंडाच्या फटीतून सोंड घालून बी शोषतात. वरून बी धडधाकट दिसतं, आत पोकळ. मावशीनं ओल्या फडक्यात चाळीस दाणे बांधून बघितले, तीन उगवले. पुढच्या उन्हाळ्यात वाडीतल्या दोन लेकी, रखमा आणि नीला, नारळ-तांदळावरच सासरी गेल्या. आणि १९७८ च्या वैशाखात येसूचं लग्न ठरलेलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मावशी आली ती कमरेला एक चिंधी बांधून. आत आदल्याच्या आदल्या वर्षीचं बी होतं, एक मूठही भरणार नाही एवढं.

“बाय, तुझ्या परसात दोन वाफे दे.”

“वर एवढी जमीन आहे की तुमची.”

“वर ढेकणे हायत. मातीत हायत, जुन्या काटक्यांत हायत. हितं अजून नाय आले. येवढंच बी उरलंय गो. ह्ये गेलं का मग संपलं. माझ्या येसूच्या ओटीत मी काय घालू, दगड?”

मी यांना विचारलं. हे म्हणाले, “लावू दे की. अंबाडी तर आहे.”

तिची लावायची तऱ्हा मी तिच्याकडून शिकले आणि अजून पाळते. दोन झाडांच्या मधून पाटी आडवी गेली पाहिजे, इतकं अंतर. झाड कमरेएवढं झालं की खालची पानं काढायची, वारा बुंध्यापर्यंत पोचला पाहिजे. भाद्रपदात, कळी धरायच्या आधी, रिठ्याच्या पाण्यात फडकं बुडवून प्रत्येक पान खालच्या बाजूनं पुसायचं, तेही ऊन उतरल्यावर. एकतीस झाडं, एका झाडाला शंभर पानं धरा. ती आणि मी तीन मंगळवार तेच करत होतो.

“कळी धरायच्या आदी काय वाटेल ते कर,” ती सांगायची. “कळी धरली का मग औषध नाय, वरनं पाणी पण नाय. मग नुसता हात नि डोळा.”

श्रावणात एकदा पोलीस जमादार सायकलवरून जाताना कुंपणाशी थांबला. अंबाडीचं पान हाताच्या बोटांसारखं चिरलेलं असतं. “वहिनी,” तो हळूच म्हणाला, “साहेबांच्या परसात हा गांजा कुणी लावला?” मी घाबरून गेले. मावशी वाफ्यात बसलेली होती. ती उठली, एक पान तोडून त्याच्या हातात दिलं. “चावून बघ. आंबट लागला तर अंबाडी. नाय लागला तर मला घेऊन चल.” त्यानं चावलं, त्याचा एक डोळा आपोआप मिटला. जाताना भाजीपुरता पाला घेऊन गेला.

तर ऑक्टोबरात पहिलं फूल आलं आणि त्याच दिवशी मावा दिसला. मोहरीएवढे हिरवे जीव, कोवळ्या शेंड्याला दाटीवाटीनं चिकटलेले. हे संध्याकाळी नात्याहून आले, चहा पिता पिता परसात डोकावले.

“एवढंच ना? उद्या सोनबाला सांगतो. पावडर धुरळली की संध्याकाळपर्यंत साफ.”

मावशी गेली होती, पण तिचं म्हणणं मला पाठ होतं, ते मी सांगितलं. अंबाडीचं बोंड म्हणजे वेगळं फळ नाही. पाकळ्या गळल्या की फुलाच्या बुडाचा लाल पेलाच फुगतो, आणि तोच आपण खातो. आज फुलावर पडलेली पावडर महिन्यानं आमटीत. शिवाय फुलावर मधमाशी बसते. आणि आदल्या साली भाताच्या बांधावरचं पावडर पडलेलं गवत खाऊन कुडपणच्या जानूची शेळी मेली होती.

“फुलोऱ्यात धुरळू नये असं पुस्तकातही आहे,” हे म्हणाले. “पण पुस्तकात मावा आल्यावर काय करायचं तेही आहे.” आणि विषय तिथेच राहिला.

आता माझी चूक सांगते. मावशी मंगळवारीच येणार. मधले सहा दिवस झाडं माझ्या हवाली. मी ठरवलं, हात आणि डोळा ना, मग मी वेचीन. बुधवारी सकाळी साडेसहाला डब्यात पाणी आणि थोडं रॉकेल घेऊन परसात गेले. मावा त्या सात झाडांच्या शेंड्यांना घट्ट चिकटलेला, तो निपटता येईना. पण जिथे मावा तिथे हमखास एक गोल किडा होता, मसुरीच्या डाळीएवढा, केशरी, पाठीवर काळे ठिपके. शिवाय त्याच्याच आसपास काळी, काटेरी, सुसरीच्या पिलासारखी दिसणारी अळी. मी हिशेब केला की हेच माव्याचे आईबाप असणार. ते वेचायला सोपे होते. हात लावला की पाय दुमडून आपणच डब्यात पडायचे.

डायरीत नोंदी आहेत. बुधवार, ठिपक्यांचे किडे २३. गुरुवार ३१. शुक्रवार ४०, अळ्या १७. शनिवार ३८. रविवार १९. सोमवार ६. ‘सोमवार ६’ च्या पुढे मी छोटीशी बरोबरची खूण केली आहे. ती खूण बघून आजही माझे कान गरम होतात.

मंगळवारी, अकरा तारखेला, मावशी आली. पाटी उतरवायच्या आधीच मी तिच्यापुढे डबा धरला. तिनं आत बघितलं. मग पायरीवर बसली.

“बाय, ह्ये काय केलंस गो?”

“कीड वेचली. दीडशेच्या वर आहेत.”

“कीड? अगो माझे राखणदार होते ते! मावा खाऊन जगणारे. तू घरातली मांजरं मारलीस, आता उंदीर नाचतील नायतर काय करतील?”

आणि नाचतच होते. त्या दिवशी मी मोजलं, एकतीसपैकी बावीस झाडांवर मावा. पानं चिकट झालेली, बुंध्यावरून काळ्या मुंग्यांची रांग वर चढत होती. कळ्या सुकून माना टाकायला लागल्या होत्या. कळी गळली तर बोंड नाही, बोंड नाही तर बी नाही. मावशी प्रत्येक झाडापाशी गेली, शेंडा दोन बोटांत धरून बघितला आणि सोडला. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी रडायला लागले तेव्हा म्हणाली, “गप. तुला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगायला पायजे होतं.”

तेवढ्यात हे दुपारच्या जेवणाला आले. परसातून एक चक्कर मारली आणि ओटीवर येऊन म्हणाले, “शनिवारी जिल्ह्याचे साहेब येतायत. गोण्यांची तपासणी आहे. शेती खात्याच्या माणसाच्या परसात ही अवस्था त्यांनी बघितली तर मला तोंड दाखवायला जागा नाही. शुक्रवारी सकाळी सोनबा धुरळणी करील. आता यावर बोलायचं नाही.”

मावशीनं विचारलं, “शुक्रवारी किती वाजता, सायेब?”

“आठला.”

“बरं,” ती म्हणाली, आणि पाटी उचलून चालू लागली. जेवली नाही. दावी विकायला बाजारातही गेली नाही, हे मला सोनबानं नंतर सांगितलं.

बुधवार गेला. गुरुवारी दिवेलागणीला मी अंगणात तुळशीपाशी होते तर कुंपणाच्या फाटकाचं झापं वाजलं. मावशी. हातात वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा, तोंडाला लुगड्याची चिंधी बांधलेली.

“कान लाव,” ती म्हणाली.

आत कुरकुर आवाज येत होता, तांदूळ चाळल्यासारखा.

“वर कारळ्याच्या शेतात हायत, भोपळ्याच्या वेलावर हायत. दोन दिस वेचले. येसूला पण लावलं. म्हटलं, लगीन तुजं हाय, वाक जरा.”

मी तुंब्याची चिंधी सोडायला गेले तर तिनं माझा हात धरला. “आदी मुंग्या. मुंग्या म्हंजे गवळी, मावा त्यांची गुरं. माव्याच्या बुडातनं गोड पाणी येतं ते पितात. आपले राखणदार सोडले तर ह्या त्यांना पळवून लावतील.”

घरात दिव्यासाठी करंजेल होतं. जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून त्यात भिजवल्या आणि एकतीस बुंध्यांना एकेक पट्टी बांधली. वर चढलेल्या मुंग्या शेंडे हलवून झटकल्या. मग मावशीनं तांब्यातलं पाणी बोटांनी पानांच्या खालच्या बाजूला शिंपडलं, फुलं सांभाळून. “लांबनं आलेत, तान लागली असेल. पाणी मिळालं का बसतात. दुपारच्याला सोडले असते तर उडून परत कुडपणला गेले असते, माज्या आदी.” आणि एकेका झाडावर तुंबा कलता करून चार-पाच किडे सोडत गेली. काम आटोपलं तेव्हा मी अकराव्या, सोळाव्या आणि विसाव्या झाडाच्या एकेका शेंड्यावरचा मावा मोजून ठेवला. का मोजला ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. सवय, दुसरं काय.

यांना मी काही बोलले नाही. मावशी आमच्या स्वयंपाकघरात झोपली.

शुक्रवारी आठाच्या ठोक्याला सोनबा धुरळणीचं यंत्र गळ्यात अडकवून परसात हजर. मावशी वाफ्याच्या मधोमध उभी.

“मावशी, बाजूला हो. पांढरी होशील.”

“क्यास आदीच झालेत रे. आता तोंड पण कर.”

“साहेबांचा हुकूम आहे.”

“मग सायबालाच फिरवू दे चक्र. तुला कशाला पाप?”

सोनबा मागे बघायला लागला. हे दाराशी आले, अर्ध्या गालाला दाढीचा साबण. “काय चाललंय?”

मी डायरी पुढे केली. उघडून, बोट ठेवून. ‘गुरुवार संध्याकाळ: झाड ११, मावा १४०. झाड १६, ११२. झाड २०, ९५. शुक्रवार सकाळी ६.३०: झाड ११, ६१. झाड १६, ७०. झाड २०, ३८.’

माझ्या नवऱ्याची एक गोष्ट चांगली होती. लिहिलेल्या आकड्यापुढे ते भांडत नसत. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा आणला, अकराव्या झाडाचा शेंडा वाकवला आणि बराच वेळ बघत उभे राहिले. साबण गालावर सुकला. एका केशरी किड्यानं त्यांच्या नाकासमोर एक मावा धरून खाल्ला.

“हा ढालकिडा,” ते म्हणाले. “कॉलेजात होता आम्हाला. मी याचं चित्र काढलं होतं. दहापैकी नऊ मार्क.”

“मग चित्रच काढीत बसलात व्हय?” मावशी म्हणाली.

सोनबानं हसू दाबायला तोंड फिरवलं. हे मात्र खळखळून हसले. “उद्या सकाळी परत मोजा. चाळीसच्या खाली आला तर राहू दे. नाहीतर साहेब यायच्या आत मी स्वतः धुरळीन.”

त्या दिवशी मावशी घरी गेली नाही. दिवसभर ओलं फडकं घेऊन ज्या शेंड्यांना फूल नव्हतं ते पुसत बसली. मध्येच मला म्हणाली, “म्हातारा वर कावला असेल. दोन दिस कुणाशी भांडला नाय तो.” शनिवारी सकाळचे आकडे: १८, २६, ११. मी ते मोठ्यानं वाचले. मावशीचं आकड्यांकडे लक्ष नव्हतं, ती यांच्या तोंडाकडे बघत होती. यांनी मान हलवली आणि दाढी करायला गेले.

जिल्ह्याचे साहेब अकराला आले. ओटीवर बसले, गोण्या मोजल्या, एका गोणीपाशी वाकले आणि लागोपाठ सात वेळा शिंकले. आल्याचा चहा मागितला, तो घेऊन जीपमध्ये बसले. परसाकडे त्यांनी तोंडही वळवलं नाही.

नोव्हेंबरात बोंडं लालबुंद फुगली आणि तांबडे ढेकणेही खाली पोचलेच. पण यावेळी मावशी तयार होती. शेजारच्या अमिरुन्निसाकडे म्हैस होती, तिच्या घरून भिजवलेली सरकी आणायची, करवंटीत घालून झाडांच्या मधे ठेवायची. ढेकण्यांना बोंडापेक्षा सरकी प्यारी. सकाळी दंवानं ते जड झालेले असतात, करवंटीसकट उचलून कढत पाण्यात.

“माझी म्हैस रवंथ करत बघत राहते नि तुम्ही किड्यांना मेजवान्या देता,” अमिरुन्निसा कुंपणावरून म्हणायची. पण रोज मूठभर सरकी बाजूला काढून ठेवायची, आणि ती कधी चुकली नाही.

एकतीसपैकी सत्तावीस झाडांनी बी दिलं. पौषात मावशीनं ओल्या फडक्यात वीस दाणे बांधले, चौथ्या दिवशी फडकं सोडलं. एकोणीस उगवले होते. विसाव्याकडे बघून ती म्हणाली, “हा आमच्या म्हाताऱ्यासारखा.” मी बोंडांची जेली केली. तिनं चमचाभर तोंडात घेतली, घोळवली आणि गिळली. “वाईट नाय,” म्हणाली. “पन दात नसलेल्यांचं काम हाय.”

पुढच्याच जूनमध्ये आमची बदली महाडला झाली. मावशी तिथेही पाच-सहा वेळा आली, मग गुडघ्यांनी खाली उतरणं बंद केलं. १९८६ च्या फेब्रुवारीत ती गेल्याचं सोनबाच्या पत्रातून कळलं. मला जायला जमलं नाही. त्या दिवशीच्या पानावर मी फक्त बातमी आणि हवा लिहिली आहे.

पण मला तिची आठवण येते ती येसूच्या लग्नातली. बुधवार, १७ मे १९७८. आम्ही दोघं पहाटे निघून सोनबाबरोबर कुडपणला चढून गेलो. उन्हाच्या आत पोचलो तरी माझी छाती भात्यासारखी चालत होती. कडेला करवंदं पिकलेली, वर मोकळा वारा. मांडवात काशीराम बसला होता. तो मला बघून म्हणाला, “ती किडे पाळणारी बाय ती हीच काय?”

अक्षता पडल्या, जेवणं झाली. येसू निघायची वेळ आली तशी मावशी घरातून सुपात बी घेऊन आली. येसूनं पदर पसरला. नारळ पडला, तांदूळ पडले, मग मावशीनं सुपात हात घातला. तिची दोन बोटं वाकडी असल्यामुळे तिची मूठ पुरती मिटत नसे, फटीतून दाणे गळायचे. म्हणून ती दुसरा हात खाली धरायची. तसाच धरला. दाणे पदरात पडल्याचा आवाज झाला. येसू रडत होती, मावशी नाही. ती मांडवात कुणाला तरी शोधत होती.

“रखमा कुठं हाय? नीला?”

लग्नाला माहेरी आलेल्या त्या दोघी बायकांत मागे उभ्या होत्या. एकीच्या कडेवर तान्हं होतं.

“पुढं या गो. तुमची ऱ्हायली हाय.”

दोघी पुढे आल्या. मावशीनं आधी रखमेच्या ओटीत घातलं, मग नीलाच्या. नीलाला घालताना म्हणाली, “येक वरीस उशीर झाला. मनावर घेऊ नको.” नीलानं तान्ह्याला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि वाकून तिच्या पाया पडली. तेव्हा कुठे मावशीनं पदर डोळ्यांना लावला, तोही घाम पुसल्यासारखा.

सुपात दोन मुठी उरल्या होत्या. त्या तिनं चिंधीत बांधून कमरेला खोचल्या. मी जवळच उभी होते. खोटं कशाला सांगू, मला वाटलं होतं की मलाही देईल. तिला ते कळलं असावं.

“तुला कशाला?” ती म्हणाली. “तुझ्या परसात सांडलंय तेवढं कुणाच्या ओटीत नाय मावायचं. पाऊस पडला का बघ.”

उन्हं कलल्यावर आम्ही उतरलो. वाटेत हे म्हणाले, “बदलीचं तिला सांगितलंस का?” मी म्हणाले, नाही.

घरी पोचायला सात वाजले. पाय धुऊन मी डायरी उघडली. निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, हवा. लग्न, येसू. रखमा आणि नीला यांनाही बी दिलं. शेवटची ओळ: सकाळी झाकून ठेवलेलं दूध नासलं होतं, ते ओतून टाकलं आणि कोरा चहा केला.